इनायतभाईंची साक्ष

२९ मे २०२५, गुरुवार

सुनेनं दिलेली ही वही दोन वर्षं कपाटात पडून होती. तिला वाटलं मी हिच्यात लोणच्या-पापडाचं लिहीन. या घरात आता दोन माणसं, दोघांनाही मसाला चालत नाही, काय लिहू कपाळ? आज काढली ती एवढ्यासाठी, की कोणाशी तरी बोलायचं आहे आणि ह्यांच्याशी बोलायचं नाही.

हे म्हणजे मोरोपंत वकील. अकोल्याच्या जठारपेठेत अजून याच नावानं पत्ता सांगतात, वकिली सोडून दहा वर्षं झाली तरी. आणीबाणीत चौदा महिने अमरावतीच्या जेलात होते. आमच्या लग्नाला तेव्हा दीड वर्षही झालं नव्हतं.

सकाळी किशोर आला होता. त्याचं कोपऱ्यावर मोबाइलचं दुकान आहे, पण दुकानात कमी आणि संघटनेत जास्त असतो. आला की आधी पाया पडतो. "काकाजी, आनीबानीले पन्नास वर्स होऊन राहिले. पंचवीस जूनले मोठा कार्यक्रम ठेवला हाय. मुख्य वक्ते तुमी. नाई म्हनू नका."

"प्रकृती साथ देत नाही रे आता," हे म्हणाले. पण म्हणता म्हणता खुर्चीत ताठ झाले. मी ओळखते ते ताठ होणं. आता महिनाभर घरात दुसरा विषय नाही.

१ जून, रविवार

भाषणाची तयारी सुरू. मला समोर बसवून वाचतात. मला ते पाठ आहे: पहाटे जीप आली, दोन शिपाई आणि एक फौजदार, बाबांनी वॉरंट मागितलं, फौजदार हसला. मग बराक, डाळीतले खडे, भिंतीवर कोळशानं लिहिलेलं कॅलेंडर. शेवटी आवाज चढतो: "चौदा महिन्यांनी सरकारलाच मला सोडावं लागलं! मी वाकलो नाही!" इथं टाळ्या पडतात. मग थांबून म्हणतात, "ते लोक परत आले तर पुन्हा आपली दारं वाजतील. म्हणून सांगतो, पोरांनो, कठोर व्हा."

पूर्वी हे 'जागे राहा' म्हणायचे. 'कठोर व्हा' पाच-सहा वर्षांतलं. संघटनेच्या पोरांना ते फार आवडतं.

मला हसायचा हक्क नाही. मतदानाला जाते तेव्हा मीही हे सांगतात तेच बटण दाबते. सांगितलं नाही तरी तेच दाबीन. दुसरीकडे बोटच जात नाही. ती जीप आठवते, आणि सासूबाईंनी मला आत ओढून दार लावलं ते आठवतं. आता ही पार्टी काय बोलते, कोणाला काय करते, याचा मी विचार करत नाही. कंटाळा येतो. एकविसाव्या वर्षी भीती एकदा पोटात बसली ती बसलीच.

किशोरचा जन्म नव्वदचा. त्यानं यातलं काहीच पाहिलं नाही. तरी ह्यांचं भाषण ऐकताना त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि ते खोटं नसतं.

४ जून, बुधवार

आज इनायतभाई आले. मी ओळखलंच नाही आधी. दाढी पार पांढरी, हातात प्लास्टिकची पिशवी, आणि दारातच सुरू: "भाभी, बेल बिघडली आहे तुमची. वकिलाच्या घरची बेल बिघडते म्हणजे काय?" तेव्हा ओळखलं.

इनायतुल्ला मास्तर. उर्दू शाळेत होते. त्यांच्या 'जमात' या धार्मिक संस्थेवर आणीबाणीत बंदी आली तेव्हा त्यांनाही उचललं, आणि ह्यांच्याच बराकीत टाकलं. चौदा महिने दोघे शेजारी शेजारी झोपले. हे सकाळी शाखा लावायचे, ते नमाज पढायचे, आणि दुपारी दोघं मिळून स्वयंपाक्याशी भांडायचे. हे सुटल्यावर मात्र येणं-जाणं राहिलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. तेव्हा लोक असेच आपापल्या घरी गेले.

काम असं की इनायतभाईंचा जन्म एका खेड्यातला, दाखला नाही. दोन वर्षांपूर्वी उशिराचा दाखला काढला. त्यावर कोणी तक्रार केली, की हे लोक इथले नाहीतच. दाखला रद्द झाला. आता तेवीस जूनला सुनावणी आहे. जेलातल्या नोंदीसाठी अर्ज केला त्याला दीड महिना झाला, उत्तर नाही. कचेरीत सांगितलं, पंच्याहत्तरच्या आधीपासून किंवा तेव्हापासून ओळखणारा कोणी मातब्बर माणूस आणा, त्याचा जबाब घेऊ.

"बापाचा कागद गेला तर मुलांचे कशावर टिकतील, वकीलसाब? पोता पुण्याला शिकून राहिला. त्याला आताच नोटीस यायची भीती पडली." मग हसले. "आधी सरकारनं म्हटलं, तू इथला आहेस आणि खतरनाक आहेस, चल आत. आता म्हणते, तू इथला नाहीच. एक काय ते ठरवा म्हणा."

हे हसले नाहीत. मला म्हणाले, "चहा टाक." मी आत गेले, पण स्वयंपाकघर कुठं लांब आहे. ह्यांनी विचारलं, "तुला सगळं आठवतं का रे अजून? तिथलं?"

इनायतभाई म्हणाले, "उमर झाली. कामाचं तेवढंच आठवतं."

म्हाताऱ्यांच्या गप्पा. मी साखर कमी घातली, ह्यांना मधुमेह आहे, त्यांनाही असणारच.

५ जून, गुरुवार

हे जबाब देत नाहीत म्हणे.

"काहून?"

"तक्रार संघटनेची आहे. किशोरच्याच सहीची आहे. पंचवीस तारखेला त्यांच्या स्टेजवर बसायचं आणि तेविसाला त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायची?"

"विरुद्ध कुठं? खरं तेवढं सांगायचं. शेजारी झोपला होता की नाही चौदा महिने?"

"तुला राजकारण कळत नाही, रमा."

नाही कळत. पण ह्यांचं तोंड राजकारणाचं वाटलं नाही मला. घाबरल्यासारखं वाटलं. पोरासोरांना इतकं घाबरायचं? मला लाज वाटली ह्यांची. बोलले तसं.

९ जून, सोमवार

कूलरचा पंप जळाला. किशोरला फोन केला तर वीस मिनिटांत नवीन पंप घेऊन हजर. स्वतः बसवला, घामानं निथळून गेला. पोटच्या पोरानं केलं नसतं. त्यालाच विचारलं मग, तो इनायत मास्तरांचा काय प्रकार आहे.

"काकू, मले त्या बुढ्याचं वाईट थोडी करायचं हाय! तक्रारीच्या यादीत सहाशे नावं हायेत. आता एकेक पाहत बसलो तं झालं मंग. जो खरा असन तो कागद दाखवन."

"अरे पण तो ह्यांच्याबरोबर जेलात होता."

"असन ना. तेच मनून राहिलो, दाखवा म्हना." मग ह्यांच्याकडे वळला. "काकाजी, पुस्तिका काढून राहिलो आपन. जेलातले तुमचे सगळे कागद मागवले हायेत. अटकेचा हुकूम, सुटकेचा हुकूम, अर्ज-बिर्ज जे असन ते. मोठ्ठे फोटो छापू."

हे एकदम म्हणाले, "कागद कशाला? मी जिवंत बसलोय ना समोर?"

"अवो, जमाना पुराव्याचा हाय काकाजी," तो म्हणाला आणि पाया पडून गेला.

तो गेल्यावर कूलर लावायचंही मला सुचलं नाही.

१० जून, मंगळवार

लिहून टाकते. इथं कोण वाचतंय.

हे सुटले ते सरकार घाबरलं म्हणून नाही. मी माफी मागितली म्हणून.

सासऱ्यांचे कारकून होते, त्यांनी मला एकटीला गाठून सांगितलं, वहिनी, मजकूर ठरलेला आहे, वीस कलमी कार्यक्रमाला पाठिंबा आणि यापुढे राजकारणात पडणार नाही, एवढं लिहून सही पाठवली की महिन्यात सोडतात. मी म्हटलं, हे सही करणार नाहीत. ते म्हणाले, सही कशी असते ते तुम्हाला माहीत आहे ना? ह्यांची लग्नाआधीची पत्रं होती माझ्याकडे. चार दिवस कित्ता गिरवावा तशी सही घोटली. ऑगस्ट शहात्तर. कारकुनांनी अर्ज पोचवला आणि दोन वर्षांनी ते वारले. म्हणजे जाणणारी मी एकटीच.

लोकांना वाटेल घरात कोणी आजारी असेल. तेच तर सांगता येत नाही. कोणी आजारी नव्हतं, कोणी उपाशी नव्हतं. मी बावीस वर्षांची होते आणि कंटाळले होते. दिराचे टोमणे, सासूबाईंचं रडणं, पंधरा दिवसांतून एकदा अमरावतीची एसटी आणि जाळीपलीकडे अर्धा तास. मला नवरा हवा होता घरी. बस.

आणि त्या अर्जावर ह्यांनी पन्नास वर्षं उभी केली. सत्कार, शाली, भाषणं. हे कळलं तर हा माणूस एका दिवसात संपेल. मी सांभाळत आले आतापर्यंत. आता किशोर फोटो मोठे करून छापणार म्हणतो.

१४ जून, शनिवार

मोर्णा नदीपलीकडे इनायतभाईंकडे जाऊन आले. ह्यांना सांगितलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते.

"वकीलसाबनी पाठवलं?"

"नाही. मी आले."

"मग नका येऊ. घरात झगडा होईल." असं म्हणून खुर्ची मात्र पुढं केली.

मी म्हटलं, साक्ष मी देते. मी काय तुम्हाला ओळखत नाही? तुमची जुबैदा आणि मी एकाच एसटीनं जायचो. जेलच्या फाटकासमोर कडुनिंब होता, त्याखाली बसून नंबर लागायची वाट पाहायचो. इनायतभाई पत्रं मराठीत लिहायचे, कारण उर्दू पत्र तपासणारा तिथं कोणी नव्हता आणि ते महिना महिना अडकायचं. पण जुबैदाला मराठी वाचता यायचं नाही. तिची पत्रं मी वाचून दाखवायची. नवऱ्यानं बायकोला लिहिलेली पत्रं! तोंडात पदर कोंबून हसायची ती, आणि मी लाजेनं अर्धं गाळायची. 'आज तुझी डाळ आठवली' एवढंच मोठ्यानं वाचायची.

इनायतभाई खाली पाहत होते. जुबैदाला जाऊन नऊ वर्षं झाली म्हणे. पत्रं मोर्णेच्या पुरात गेली.

"अर्धं गाळायच्या तुम्ही?" ते म्हणाले. "तरीच ती म्हणायची, तुम्ही फक्त खाण्याचंच लिहिता."

आम्ही दोघं पुष्कळ हसलो. त्यांच्या सुनेनं आतून डोकावून पाहिलं. निघताना म्हणाले, "साक्ष द्या. पण माझं तेवढंच बोला. वकीलसाबची बात आणू नका मधे. त्यांना तकलीफ नको." फार भला माणूस. ह्यांनी साक्ष नाकारली तरी ह्यांचीच काळजी.

२० जून, शुक्रवार

किशोरचा फोन: जेलातले कागद वेळेत येत नाहीत, पुस्तिका कागदांशिवायच छापणार. मी देवापुढे दिवा लावला. हेही खुश दिसले. दुपारी आमरसाच्या दोन वाट्या खाल्ल्या, साखरेचा विचार न करता, आणि मला म्हणाले, "तुझा हात चांगला आहे हं अजून." पन्नास वर्षांत तिसऱ्यांदा वगैरे असेल.

२३ जून, सोमवार

झालं. 

खोली लहान, पंखा नुसता फिरत होता. साहेब तरुण होते, शांत, दिवसभरात तीस-चाळीस जणांना ऐकून थकलेले. तक्रारदार म्हणून किशोर फाइल घेऊन बसलेला. मला पाहून उठला आणि स्वतःची खुर्ची दिली. "काकू? तुमी इथं काहून?"

"साक्षीला आले."

बिचारा उभाच राहिला.

साहेबांनी आधी माझी सही घेतली, की सांगेन ते खरं सांगेन. मग मी सांगितलं: एसटी, कडुनिंब, मराठी पत्रं. साहेब लिहायचं थांबून ऐकत होते. त्यांचा कारकूनही हसला डाळीचं ऐकून. मला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात किशोर म्हणाला, उद्धटपणे नाही, कामापुरतं. "साहेब, काकूंचं जानं सप्टेंबर शहात्तरमधीच बंद झालं. काकाजी तवा सुटले. त्याच्यापुढचं यायले कसं मालूम असन?"

"बाकीचे सगळे सत्त्याहत्तरपर्यंत आत होते ना?" साहेबांनी सहज विचारलं. "तुमचे मिस्टर आधी कसे सुटले?"

इनायतभाई एकदम ओरडले. "साब, उसका इसमें क्या काम? वो सवाल छोड दीजिए!" सगळे दचकले, मीही. 

मी 'माहीत नाही' म्हणू शकले असते. त्या कागदावर माझी सही नुकतीच झाली होती, शाई वाळायची होती. मनात आलं, एक खोटं निघालं की बाकी सगळं खोटं म्हणतील, आणि कडुनिंबाखाली बसलेली जुबैदाही खोटी ठरेल. आणि खरं सांगू? मला थकवा आला होता. इतकी वर्षं एकच गोष्ट हातात धरून उभं राहण्याचा.

"मी माफीचा अर्ज केला होता," मी म्हटलं. "ह्यांना न सांगता. त्यावर ह्यांची सही मी केली. बारा ऑगस्ट शहात्तर. जुबैदा त्यानंतरही भेटीला जायची. अकोल्याच्या स्टँडवर भेटली की पत्र वाचायला द्यायची, सुटका होईपर्यंत. म्हणून मला पुढचंही ठाऊक आहे."

किशोर भिंतीकडे पाहत होता. कारकुनानं सगळं लिहिलं, वाचून दाखवलं, मी सही केली. माझी. निकाल कळवू म्हणाले.

बाहेर इनायतभाई म्हणाले, "भाभी, का बोललात ते?" आणि डोळे पुसले. मी म्हटलं, रिक्षा बघा आधी, ऊन फार आहे.

२४ जून, मंगळवार

दिवसभर धीर झाला नाही. किशोरकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून चार वाजता चहा घेऊन गेले. हे भाषणावर खुणा करत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कुठं गेले होते, काय विचारलं, काय सांगितलं. बारा ऑगस्टचा अर्ज.

ह्यांनी चष्मा काढला. मला वाटलं आता छातीला हात लावतील. गोळीची डबी मी पदरात घेऊनच गेले होते.

"बारा नाही," हे म्हणाले. "अकरा."

"काय अकरा?"

"अर्जावर तारीख अकरा होती. सुपरिंटेंडेंटनं बोलावून पुढ्यात ठेवला माझ्या. म्हणाला, अक्षर बाईचं दिसतं, वकीलसाहेब. सही तुमची आहे का?"

मी खाली बसले.

"मग?"

"मी हो म्हटलं." चष्मा पुसायला लागले. "इनायत दारात उभा होता, पत्र द्यायला आला होता. ऐकलं त्यानं. बराकीत कोणाला बोलला नाही. मी सुटेपर्यंत जेवणात माझा वाटा काढून ठेवायचा. ते सहन व्हायचं नाही मला."

मला राग आला. इतका, की चहा तसाच उचलून मोरीत ओतावा वाटलं. एकोणपन्नास वर्षं मी या माणसाला जपते आहे, सत्काराच्या शाली घड्या घालून ठेवते आहे, आणि याला सगळं ठाऊक! म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तू कुठं सांगितलंस?"

 मी विचारलं, "मग आता तरी त्याच्यासाठी का नाही गेलात?"

ह्यांनी भाषणाचे कागद नीट जुळवले, त्यांना टाचणी लावली आणि म्हणाले, "उद्या गाडी किती वाजता येणार आहे?"

२५ जून, बुधवार

गाडी साडेनऊला आली. हे अंघोळ करून, जाकीट घालून तयार होते. इस्त्री मीच केली. नाही करणार ठरवलं होतं, पण केली.

किशोर आत आला, दोघांच्या पाया पडला. ह्यांना बूट घालायला वेळ लागतो, तेवढ्यात मी त्याला दारातच धरलं. "परवा ऐकलंस ना सगळं?"

"ऐकलं काकू."

"मग?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. वाईट वाटत होतं त्याला, ते दिसत होतं. "हॉल भरला हाय, काकू. गावागावातून पोरं आले. त्यायले काकाजी पायजेत. ते कचेरीतलं कचेरीत राहू द्या." आणि खाली उतरून गाडीचं दार उघडून उभा राहिला.

मी विचारलं, "इनायतभाईंवरची तक्रार मागं घेशील?"

"पाहतो," म्हणाला. म्हणजे नाही.

हे काठी टेकत बाहेर आले. पायरीवर थांबले. मला वाटलं किल्ली नाहीतर रुमाल विसरले.

"रमा, त्या जबाबात माझं नाव आलं का?"

"आलं."

"अर्जाचंही? सहीचं?"

"सगळं आलं. कारकुनानं वाचून दाखवलं."

ह्यांनी जाकिटाची गुंडी लावली. मग म्हणाले, "बरं झालं. कुठंतरी लिहिलं गेलं एकदाचं."

आणि सत्काराला गेले.